गुरुवारच्या चिठ्ठ्या

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑगस्ट २०००

प्रिय चैताली,

सप्रेम जय भीम.

ईमेल करता आला असता, पण इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायला लागलो की माझं डोकं दुखतं, आणि सध्या दाढ दुखतेच आहे. खालची, डावी. गरम चहा लागला की खुर्चीतून उडतो. ऑफिसातले लोक समजतात, कोड चालला म्हणून नाचतोय.

काल इथल्या डेंटिस्टकडे गेलो. पोरगेलासा गडी. एक्स-रे काढला आणि म्हणाला, रूट कॅनल करावं लागेल, मंगळवारी ये. मी म्हटलं, बरं, तोपर्यंत अँटिबायोटिक लिहून दे. तर म्हणाला, तुला त्याची गरज नाही! मी म्हटलं, अरे बाबा, माझी आतेबहीण पुण्यात डेंटिस्ट आहे, ती सगळ्यांना देते. तो नुसता हसला आणि वेदनाशामक गोळी दिली.

एवढा मोठा देश आणि कॅप्सूलची कंजुषी! तेव्हा तू त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल दहा दिवसांच्या पाठव. संजय पाटोळे महिनाअखेरीस इकडे येतोय, त्याच्या बॅगेत टाक. आई-बाबांना दाढेचं सांगू नकोस, आई लगेच लवंगा पाठवेल.

तुझा,
प्रज्ञेशदादा

---

हडपसर, पुणे
२६ ऑगस्ट २०००

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा दवाखान्यात पेशंट नव्हता. मी लगेच खाली महिपतीशेठच्या मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या, पाकिटात घातल्या, वर तुझं नाव लिहिलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हात थांबला.

दादा, तुझा तो पोरगेला गडी बरोबर आहे.

सूज नाही, ताप नाही, गरम लागलं की कळ येते. म्हणजे दाढेच्या आतली नस सुजली आहे. तिथे कॅप्सूल पोचतच नाही. आतली नस काढून टाकणं हाच उपाय. हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलं, मार्कही मिळवले. मग दोन वर्षं एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. ते दात तपासायच्या आधीच कॅप्सूलचं नाव लिहीत. मीही लिहायला लागले, आणि स्वतःचा दवाखाना काढल्यावर लिहीतच राहिले.

परवा संध्याकाळी कपाटातले शंभर केसपेपर काढून मोजले. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांना मी अँटिबायोटिक दिलंय! पुस्तक उघडं ठेवून एकेक तपासला. ज्यांना खरोखर लागत होतं असे अकरा. सूज पसरत होती, ताप होता, किंवा हृदयाच्या झडपेचा आजार होता, असे अकरा.

मी हबकले, पण खरं सांगू? गंमतही वाटली. इतके दिवस माझ्याच कपाटात हे पडून होतं आणि मला पत्ता नव्हता. आता मला सगळंच मोजायचं आहे.

तुला कॅप्सूल पाठवत नाही. मंगळवारी जाऊन गुपचूप खुर्चीत बस.

तुझी,
चैताली

---

एडिसन
१० सप्टेंबर २०००

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र यायच्या आधीच मंगळवार उलटून गेला होता. संजय रिकाम्या हातांनी आला म्हणून तुला शिव्या घातल्या, पण त्या वेळेपर्यंत दाढेचं दुखणं पार थांबलं होतं. एकही अँटिबायोटिक न घेता! आता तुझं पत्र वाचून कळलं का ते.

बरं, मुद्द्याचं. शंभर केसपेपर म्हणजे काहीच नाही. जानेवारी ते जून सगळे काढ. नावं नकोत. प्रत्येक पेशंटला नुसता क्रमांक दे आणि पुढे एका ओळीत पुरुष की बाई, वय, तारीख, वार, सकाळ की संध्याकाळ, तक्रार काय, तू केलंस काय, अँटिबायोटिक दिलं की नाही, आणि पुस्तकाप्रमाणे लागत होतं की नाही, एवढं लिही. झेरॉक्स पोस्टाने पाठव. मी शनिवार-रविवारी डेटाबेस करतो. इथे बँकेसाठी मी रोज हेच करतो, निदान एकदा घरच्या माणसासाठी करू दे.

मला आत्ताच हात शिवशिवतायत. लवकर पाठव.

दादा

---

हडपसर
२ ऑक्टोबर २०००

प्रिय दादा,

सोबत अठ्ठावीस पानं. एक हजार एकशे सव्वीस ओळी. निकिताने, म्हणजे माझ्या रिसेप्शनिस्टने, तारखा वाचायच्या आणि मी लिहायचं, असं दोन आठवडे चाललं. बेरीज मी केली आहे. अँटिबायोटिक दिलं आठशे एकोणपन्नास जणांना, लागत होतं एकशे तीस जणांना. का दिलं ते मात्र माझं मलाच सांगता येत नाही. ते तू शोध.

इकडे मी गरज नसताना लिहिणं बंद केलंय. काय सांगू गोंधळ! पहिल्या आठवड्यात चार जण चिठ्ठी परत घेऊन जिना चढून आले. एक बाई म्हणाल्या, "मॅडम, मेन गोळी लिहायची राहिली तुमची." मार्केट यार्डातले एक हमाल, संपतराव, दाढ काढून घेतल्यावर उठेचनात. "बाई, नुसतीच दुखायची गोळी दिलीय. पावरची द्या की. उद्या पोती उचलायची हायेत." मी म्हटलं, "संपतराव, दाढेत घाण होती, ती दाढेबरोबर गेली. आता पावरची गोळी कुणाशी लढणार?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बराबर हाय. पर सुजलं तर तुमच्या दारात येऊन बसंन." तिसऱ्या दिवशी आले. मी घाबरले. तर मेथीची जुडी घेऊन आले होते.

महिपतीशेठ मात्र घुश्शात आहेत. जिन्यात भेटले तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या चिठ्ठीवर हल्ली अक्षरं कमी आणि कागद जास्त दिसतो." काही पेशंट गाडीतळावरच्या दुसऱ्या दवाखान्यात गेले, तेही खरं. तिथे सगळं मिळतं.

मामा-मामी मजेत. रविवारी तुमच्या घरीच जेवले. मामांना हल्ली मऊ भातच लागतो, भाकरी नको म्हणतात. वय होतंय, दुसरं काय.

तुझी,
चैताली

---

एडिसन
२१ ऑक्टोबर २०००

चैताली, चैताली, चैताली!

आधी पाणी पी आणि मग वाच.

दोन शनिवार-रविवार बसून सगळ्या ओळी घातल्या. वयाने चाळून पाहिलं, काही नाही. पुरुष-बायका, काही नाही. तक्रारीप्रमाणे पाहिलं, थोडाफार फरक. मग सहज वार लावले आणि स्क्रीनकडे बघतच राहिलो. इतर दिवशी तू शंभरातल्या सत्तर-बहात्तर जणांना अँटिबायोटिक देतेस. गुरुवारी? एकशे त्रेचाळीस पेशंट, त्यातल्या एकशे एकोणचाळीस जणांना! जवळजवळ सगळ्यांना! आणि गुरुवारी तू दाताला हात लावलेला असतो फारच क्वचित. नुसती चिठ्ठी.

मी तीनदा तपासलं. प्रोग्रॅममध्ये चूक नाही. हडपसरच्या लोकांना गुरुवारी होतं काय? दत्ताचा वार म्हणून जंतूही उपास सोडायला बाहेर पडतात का?

एवढा आनंद मला पगारी कामात कधी झाला नाही. उत्तर दे!

दादा

---

हडपसर
१४ नोव्हेंबर २०००

प्रिय दादा,

तू पुणं विसरलास! दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते.

तुझं पत्र मी निकिताला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि "गुरुवार" म्हणताच आम्ही दोघींनी वर बंद पंख्याकडे पाहिलं. नेमका गुरुवारच होता! लाइट नाही म्हणजे मशिन नाही, मशिन नाही म्हणजे काम नाही. मग पेशंटला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून कॅप्सूल लिहायची आणि सांगायचं, शनिवारी या. पेशंटचा त्रास दोन दिवसांत ओसरायचा आणि तो शनिवारी यायचा नाही. आम्हा दोघींना हसू आवरेना. मग माझं हसू थांबलं.

कारण दादा, दात काढायला वीज लागतेच कुठे? पू साचला असेल तर वाट करून द्यायला वीज लागत नाही. लागतो तो उजेड. खिडकी होती माझ्याकडे, पण खुर्ची तिच्याकडे पाठ करून बसवलेली!

दुसऱ्या दिवशी माणसं बोलावून खुर्ची फिरवून घेतली. त्याच्या पुढच्या गुरुवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, लाइट गेली आणि मी खिडकीच्या उन्हात तीन दाढा काढल्या, एकाचा पू मोकळा केला. अँटिबायोटिक फक्त एकालाच लिहिलं, त्याला ताप होता म्हणून. मला इतकं भारी वाटलं की निकिताला भेळ खायला घेऊन गेले.

आणखी ऐक. पुण्यातल्या डेंटिस्टांची बैठक जानेवारीत शनिवार पेठेत आहे. त्यांनी मला वीस मिनिटं दिली आहेत! माझा तक्ता, तुझा गुरुवार, सगळं दाखवणार आहे. तू रंगीत आलेख करून पाठव.

तुझी,
चैताली

---

एडिसन
३ डिसेंबर २०००

चैताली,

आईचा फोन आला. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत म्हणाली. तुला फोन लावला तर तू म्हणालीस, दाढेचं छोटं ऑपरेशन आहे, काळजी करू नकोस.

छोट्या ऑपरेशनला पाच दिवस हॉस्पिटल लागतं? बाबा फोनवर का बोलत नाहीत? आई रडत का होती?

आलेख केले आहेत, पण ते पाठवण्याआधी मला खरं काय ते कळू दे. फोनवर नको. फोनवर तू सारवासारव करतेस. लिहून पाठव.

प्रज्ञेश

---

हडपसर
१६ डिसेंबर २०००

प्रिय दादा,

मामा घरी आले आहेत. बरे आहेत. हे आधी वाच आणि मग पुढचं.

अठ्ठावीस नोव्हेंबरला सकाळी मामीने शेजारच्यांना पाठवून मला बोलावून घेतलं. मामा पलंगावर पुढे वाकून बसले होते. हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी सुजून लाकडासारखा कडक झालेला. तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, बोलले तर तोंडात घास असल्यासारखा आवाज. दाढेतला पू मानेत उतरला होता. यात श्वास बंद होऊन माणूस जाऊ शकतो. मी रिक्षात त्यांना धरून बसले होते आणि रस्ताभर त्यांचे श्वास मोजत होते.

सर्जननी त्याच दुपारी गळ्याखाली छेद घेऊन पू काढला, दाढही काढली. तीन दिवस नळ्या होत्या. शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं, तरी ताप उतरेना. मग पू तपासल्याचा अहवाल आला. आपल्या नेहमीच्या कॅप्सूलला ते जंतू जुमानतच नव्हते. औषध बदललं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं. मामीने शपथ घातली होती, पण तिच्या नावावर ढकलत नाही. मला तुला तोंड दाखवायचं नव्हतं.

का, ते आता लिहिते.

मामीने औषधांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढून दिली. कॅप्सूल, पाच दिवस. अक्षर माझं. तारीख तेरा एप्रिल, गुरुवार. मला आठवलं, दुसऱ्या दिवशी जयंती होती. मामा गडबडीत आले होते. "मिरवणुकीत गाल सुजलेला नको, चैताली. काहीतरी दे." लाइट नव्हती. दाढ पुरती किडलेली होती, तेव्हाच काढायला हवी होती. मी चिठ्ठी लिहिली आणि म्हटलं, शनिवारी या. दुखायचं थांबलं, ते आले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यानंतर दाढ ठणकली की तीच चिठ्ठी घेऊन ते महिपतीशेठकडे जायचे. दोन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. चार वेळा असं झालं. मऊ भात मागायचे तो याचसाठी. आणि मी दातांची डॉक्टर, समोर बसून जेवले आणि तुला लिहिलं, वय होतंय!

दादा, सहाशे अडतीस क्रमांकाची ओळ काढून बघ. पुरुष, वय एकसष्ट, गुरुवार, अँटिबायोटिक दिलं, लागत नव्हतं, काम काही केलं नाही. ते मामा आहेत.

मी हॉस्पिटलमध्ये त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी दवाखाना बंद करते. त्यांना बोलता येत नव्हतं. कागद मागितला आणि लिहिलं, "गुरुवारी तर अजिबात बंद ठेवू नकोस."

बैठकीला जायचं मी रद्द करते आहे. मला तिथे उभं राहायचा हक्क नाही.

चैताली

---

एडिसन
१ जानेवारी २००१

चैताली,

पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर इतका चिडलो होतो की लिहायला बसलो नाही. फोनवर खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी इथे आलेख रंगवत बसलो होतो हे मला जन्मभर पुरलं असतं.

मग ती ओळ काढली. चैताली, ती ओळ मी माझ्या हाताने टाइप केली होती. गुरुवारवर मी विनोद केला, त्या एकशे त्रेचाळीसांत बाबा होते. आपण दोघेही आकड्यांवर खूश होतो.

पण तू त्या ओळी मोजल्या नसत्यास, तर ती चिठ्ठी डब्यात कुणीच शोधली नसती. पुण्यात असे किती डबे असतील?

तू बैठकीला जायचंस. सहाशे अडतीस क्रमांक गाळायचा नाही, उलट तिथूनच सुरुवात करायची. फक्त आधी बाबांना विचार. ती ओळ त्यांची आहे.

आलेख सोबत आहेत. गुरुवार लाल केलाय.

दादा

---

हडपसर
२३ जानेवारी २००१

प्रिय दादा,

गेले! उभी राहिले! बोलले! आणि काय काय झालं ते सांगायला हे पत्र पुरणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मामांकडे गेले आणि विचारलं. ते म्हणाले, "नाव पण सांग. आणि मी येणार आहे." मामीने गळ्याला मफलर गुंडाळून दिला. रविवारी आम्ही तिघं रिक्षाने शनिवार पेठेत पोचलो. सभागृहात साठेक डॉक्टर होते. बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे.

मी तक्ता दाखवला. आठशे एकोणपन्नास आणि एकशे तीस. कुजबुज सुरू झाली. मग तुझा लाल गुरुवार पडद्यावर आला आणि लोक हसले. सगळ्यांना लगेच कळलं, सगळ्यांच्याच दवाखान्यात गुरुवार येतो. मग मी म्हटलं, यातली एक ओळ माझ्या मामांची आहे, आणि सगळं सांगितलं. हसणं थांबलं.

पहिल्या रांगेत डॉ. रंगनाथ केळकर बसले होते. चाळीस वर्षं शनिवार पेठेत दवाखाना आहे, सगळे त्यांना दबकून असतात. उठून म्हणाले, "बाई, आपला तक्ता छान आहे. रंगही छान. पण आम्ही चाळीस वर्षं हेच लिहितो आहोत आणि आमचे पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातात. आपल्या एका नातेवाइकाची हयगय झाली म्हणून साऱ्या पुण्याने पद्धत बदलायची?"

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. अजून जरा घोगराच आहे. "अहो डॉक्टर, तो नातेवाईक मी. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कागद वाचले, तेव्हा चिठ्ठीही वाचता येते. दुकानात मी माझ्या पायांनी गेलो, ती चूक माझी. पण मला एक सांगा, या गोळीने ठणका थांबतो, दाढ बरी होत नाही, हे एवढं एक वाक्य आपण कधी आपल्या पेशंटला सांगितलंय? मला कुणी सांगितलं असतं तर मी शनिवारी आलो असतो." आणि खाली बसले. गळ्यावरचा व्रण दाखवायला मफलरला हातही लावला नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉ. केळकर अजून उभेच होते. मग मला म्हणाले, "आपला तो कोरा तक्ता आहे का जादा?" मी वीस प्रती नेल्या होत्या. दहा मिनिटांत संपल्या. दोघातिघांनी तर दरवाजातच झेरॉक्सचं दुकान कुठे उघडं आहे याची चौकशी केली. रिक्षात मामी म्हणाली, "यांना सभेत एवढं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं." मामा गालातल्या गालात हसत होते.

आणि दादा, आज दुपारी दवाखान्यात फोन वाजला. निकिताने रिसीव्हर हाताने झाकून डोळे मोठे केले. डॉ. केळकर होते.

"शंभर केसपेपर मोजले," ते म्हणाले.

"जी."

"त्र्याण्णव."

मी आकडा समोरच्या कागदावर लिहून घेतला. मागे त्यांच्या दवाखान्यात कुणीतरी चूळ भरत होतं.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. मी हो म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात घसा खाकरून म्हणाले, "नाही. थांबा. सांगा. नावासकट सांगा."

म्हणून पहिलं तुला सांगते आहे.

तुझी,
चैताली